ऐंशी की एक्याऐंशी?

मोटारगाडीला पंखा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बोनेट उघडले की तो समोर दिसतो. इंजिनाचे पाणी तो गार ठेवतो. पण आता काही गाड्यांत आणखी एक पंखा असतो. तो सहज दिसत नाही. मागच्या सीटच्या आड, डिकीत, नाहीतर सीटखाली तो बसवलेला असतो. तो इंजिनासाठी नाही. तो बॅटरीसाठी आहे. हा पंखा थांबला तर काय होते, आणि तो का थांबला हे कसे शोधायचे, ते या धड्यात पाहू.

असा पंखा हायब्रिड गाड्यांत असतो. हायब्रिड गाडी म्हणजे दोन बैल जुंपलेली गाडी समजा. एक बैल पेट्रोलचा. तो म्हणजे नेहमीचे इंजिन. दुसरा बैल विजेचा. तो म्हणजे मोटर. सावकाश चालीला विजेचा बैल एकटा पुरतो. चढावर दोघे मिळून ओढतात. ब्रेक दाबला की चाकांच्या जोरावर उलट वीज तयार होते, आणि ती बॅटरीत साठते. म्हणून पेट्रोल कमी लागते.

जपानात टोयोटा कंपनीने १९९७ साली प्रियस नावाची अशी गाडी विकायला काढली. आपल्या देशात २००८ साली होंडाची सिव्हिक हायब्रिड आली. २०१० साली प्रियस आली. त्या महाग होत्या. गावात तर कोणी पाहिल्याही नसतील. २०२२ साल उजाडले आणि चित्र पालटले. त्या एका वर्षात होंडा सिटी, टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, या चार गाड्या हायब्रिड रूपात पुढे आल्या. आज वसई फाट्यावर हमरस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. अशी एखादी गाडी दिसेलच. आपल्याच गावातला कोणी ती चालवत असेल.

आता बॅटरीकडे वळू. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक धाकटी. ती १२ व्होल्टची, नेहमीच्या मोटारीत असते तशी. दुसरी थोरली. २०१० साली आलेल्या प्रियसची थोरली बॅटरी घ्या. तिच्यात १६८ घरे आहेत. आपण टॉर्चमध्ये सेल घालतो ना, तशीच ही घरे. एकेका घराचा दाब १.२ व्होल्ट. सगळी एकापुढे एक जोडली की दाब होतो २०१.६ व्होल्ट. आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. म्हणजे हा दाब काही लहान नव्हे. माणूस दगावेल इतका आहे.

बॅटरीतून वीज गेली किंवा आली की बॅटरी तापते. घोडबंदरजवळ वर्सोवा पुलावर गाड्यांची कोंडी होते, ती तुम्हाला माहीत आहे. गाडी दहा हात पुढे जाते, थांबते. पुन्हा दहा हात जाते, थांबते. दर वेळी बॅटरीतून वीज जाते आणि परत येते. वर मे महिन्याचे ऊन. मग बॅटरी तापणार नाही तर काय?

सगळी घरेही सारखी तापत नाहीत. विरार लोकलचा डबा आठवा. दाराशी उभा असलेला वारा खातो. मधे अडकलेला घामाघूम होतो. बॅटरीतही कडेची घरे थोडी गार राहतात, मधली जास्त तापतात. म्हणून मधली घरे आधी खराब होतात. एक घर गेले की सगळ्या रांगेचे बळ कमी होते.

यासाठी तो पंखा. तो गाडीच्या आतली हवा ओढतो आणि बॅटरीच्या घरांमधून फिरवतो. आत एसी चालू असेल तर एसीचीच गार हवा बॅटरीला मिळते. हवा आत घेण्यासाठी सीटजवळ एक जाळी असते. जाळी नेमकी कुठे आहे, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात चित्र काढून दाखवलेले असते. ते पुस्तक बहुतेक गाड्यांत तसेच कोरे पडून असते. आपल्याला आता वाचता येते. चित्रासाठी तरी ते उघडावे.

आता समजा, पारोळचा एक तरुण अशी गाडी भाड्याने चालवतो. एके दिवशी दुपारी त्याच्या समोरच्या काचपाटीवर तांबडा दिवा लागला. गाडी चालत होती, पण जोर नव्हता. इंजिन सारखे सुरू राहत होते. तो सातिवलीला एका मिस्त्रीकडे गेला.

“काका, दिवा लागलाय. एकानं सांगितलं, बॅटरी गेली. नवी घालावी लागेल म्हणे.”

“कोणी सांगितलं?”

“रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं. त्यानं यंत्र लावून बघितलं.”

“यंत्रावर आकडा काय आला होता?”

“तो काय मी बघितला नाय.”

“मग आता आपण दोघं मिळून बघू. तूच वाच.”

मिस्त्रीने गाडीच्या खाचेत यंत्र लावले. या यंत्राला स्कॅनर म्हणतात. गाडीतला काँप्यूटर बिघाडाची खूण आकड्यात लिहून ठेवतो, आणि स्कॅनर ती दाखवतो. पडद्यावर आधी इंग्रजी पी होते. मग शून्य. मग इंग्रजी ए. मग ८ आणि १. दुसरी खूण गोल असते म्हणून पुष्कळ लोक तिला ओ म्हणतात. ते शून्य आहे.

“पी, शून्य, ए, एक्याऐंशी,” तरुण सावकाश म्हणाला.

“नीट बघ. ऐंशी की एक्याऐंशी?”

“एक्याऐंशी.”

“मग तुझी बॅटरी गेली असं कोण म्हणतो? ऐंशी आला असता तर थोरली बॅटरी थकली, असा अर्थ झाला असता. एक्याऐंशी म्हणजे पंख्याच्या वायरिंगमध्ये बिघाड. एका आकड्याचा फरक आहे, पण खर्चात बघ. एकीकडे थोडक्या पैशांचा फ्यूज, दुसरीकडे दुचाकी येईल एवढ्याची बॅटरी.”

हे आकडे कंपनीच्या मर्जीचे नाहीत. ते साऱ्या जगात ठरवून दिलेले आहेत. त्या ओळीतले पुढचे आकडेही पंख्याचेच. ८२ म्हणजे पंखा फिरत नाही, किंवा पुरेसा फिरत नाही. ८३ म्हणजे पंखा थांबतच नाही. ८४ म्हणजे पंख्याच्या वाटेवर विजेचा दाब हवा त्याहून कमी दिसतो. ८५ म्हणजे जास्त दिसतो. आकडा फक्त दिशा दाखवतो. अमुक वस्तू बदला, असे तो सांगत नाही. वाटेवर कुठे खोट आहे, ते माणसालाच शोधावे लागते. आणि एक गोष्ट. पंखा महिनोन् महिने बंद राहिला, तर बॅटरी तापून तापून खरोखरच थकते. मग ८१ च्या जोडीला ८० ही येतो.

मिस्त्रीने आकडा वहीत उतरवून घ्यायला सांगितले. का? पुष्कळ जण यंत्रावरचे बटण दाबून आकडा पुसून टाकतात. दिवा विझतो. गिऱ्हाईक खूश होते. पण बिघाड तसाच राहतो. आणि आकड्याबरोबर काँप्यूटरने त्या वेळची आणखी माहिती ठेवलेली असते. बॅटरी किती तापली होती, गाडी किती वेगात होती, हे सारे त्यात असते. आकडा पुसला की ती माहितीही जाते.

आता पंख्याला वीज कशी मिळते ते पाहा. पंखा थोरल्या बॅटरीवर चालत नाही. बहुतेक गाड्यांत तो धाकट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. धाकट्या बॅटरीतून वीज निघते. ती फ्यूजमधून जाते. मग रिले लागतो. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारे बटण. रिले चिकटला की वीज पंख्यापर्यंत पोचते. पंखा किती वेगात फिरवायचा, हे ठरवणारी एक लहान पेटी असते. काही गाड्यांत ती पंख्यातच असते. तिला हुकूम काँप्यूटर देतो. पंखा खरोखर फिरला की नाही, याची खबरही काँप्यूटर मागून घेतो. हुकूम एक आणि खबर दुसरी, असे झाले की तो दिवा लावतो.

ही सगळी वाट १२ व्होल्टची आहे. म्हणून शोधाचे बरेचसे काम थोरल्या बॅटरीचा डबा न उघडता होते. हे नीट ध्यानात धरा. डबा उघडायची घाई करणारा मिस्त्री भेटला, तर त्याला आधी फ्यूज पाहिला का, असे खुशाल विचारा.

मिस्त्रीने पहिल्याने कान लावला.

“काका, पंखा फिरत नाय. बिघडलाच असणार.”

“थांब. बॅटरी गार असली की पंखा फिरत नसतो. गप्प बसलेला पंखा आजारीच असतो असं नाही. यंत्रावरून त्याला हुकूम देऊन बघू.”

चांगल्या स्कॅनरवरून पंख्याला हुकूम देता येतो. वेगाच्या पायऱ्या असतात. एकेक पायरी वाढवायची आणि ऐकायचे. त्याच वेळी वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक पट्टी जाळीपुढे धरायची. पट्टी जाळीला चिकटली तर हवा ओढली जाते आहे. पंख्याचा आवाज येतो पण पट्टी हलत नाही, तर जाळी तुंबली आहे. मग विजेचा बिघाड नाहीच. जाळी झाडा, म्हणजे झाले.

आपल्या भागात जाळी तुंबायला कारणे पुष्कळ आहेत. वसईची फुले दादरच्या बाजारात जातात. कोणी गाडीतून टोपली नेतो. मोगऱ्याच्या पाकळ्या सांडतात आणि जाळीत जाऊन वाळतात. कोणी सीटवर गोधडी टाकतो आणि जाळी झाकून बसतो. रस्त्याची धूळ तर बारा महिने आहेच.

तरुणाच्या गाडीत हुकूम देऊनही पंखा हलला नाही. आवाजही नाही. मग फ्यूज पाहिला. गाडी बंद केली. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा, हे लिहिलेले असते. पंख्याचा फ्यूज चिमट्याने काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. मिस्त्रीचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने मीटर लावून पाहिले. डोळ्याला न दिसणारी चीर मीटरला कळते. फ्यूज ठीक निघाला.

फ्यूज जळलेला असता तर काय करायचे? तेवढ्याच अँपिअरचा नवा घालायचा. मोठा घालायचा नाही. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून तर कधीच घालायचा नाही. फ्यूज जळतो तो कारणाने जळतो. पंख्यात काडीकचरा अडकला असेल. उंदराने वायर कुरतडली असेल. भातखाचराजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर आत शिरतोच, आणि पंख्याच्या नळीत घर करतो. कारण तसेच ठेवून जाड तार घातली, तर पुढे वायर जळते, आणि वायरीबरोबर गाडीही.

मग रिले. हुकूम दिला की रिलेवर बोट ठेवायचे. आत टिक् असे जाणवते. शंका असेल तर शेजारचा अगदी त्याच नंबरचा रिले काढून इथे बसवून पाहावा. इथे टिक् लागले. रिलेही ठीक.

“आता पंखाच बदला ना काका. बाकी काय राहिलं?”

“वाट राहिली. विहिरीला पाणी आहे, पंप चालतो, पण शेताला पाणी पोचत नाही. मग दोष विहिरीचा की पाटाचा?”

मिस्त्रीने पंख्याच्या कपलरजवळ मीटर लावले. कपलर म्हणजे वायरींचे जोड बसतात ती प्लॅस्टिकची डबी. मीटरच्या सुया त्याने वायरीच्या बाजूने, मागून सरकवल्या. समोरून टोचल्या तर आतल्या पितळी पत्त्या फाकतात. मग दुरुस्तीला आलेल्या गाडीला आपणच नवा आजार देतो. कपलर काढून मोजले तर १२ व्होल्ट दिसले. कपलर जोडून, पंख्याला हुकूम देऊन मोजले, तर आकडा घसरून ४ वर आला.

हे कसे? नळाचे उदाहरण घ्या. तोटी बंद असते तेव्हा नळीत पाण्याचा जोर पुरेपूर असतो. नळी मधे गाळाने भरली असली तरी तो जोर दिसतो, कारण पाणी वाहतच नाही. तोटी उघडली की खरे कळते. थेंब थेंब पडतो. विजेचेही तसेच. पंखा जोडलेला नसताना मीटर १२ दाखवते, आणि अनाडी माणूस म्हणतो, “वीज येते, म्हणजे पंखा गेला.” पंखा जोडून, त्याला ओढ लागलेली असताना मोजले पाहिजे. तेव्हा दाब घसरला, तर वाटेत कुठेतरी गाळ आहे.

गाळ कुठे होता? डिकीच्या कोपऱ्यात, गालिच्याखाली दुसरा एक कपलर होता. तो उघडला तर आतले पितळ हिरवे झालेले. वसईला समुद्र आहे, खाडी आहे, मिठागरे आहेत. हवेतच खार आहे. आपल्या दाराच्या कड्या गंजतात, तसेच गाडीतले जोडही किटतात. त्यातून तरुणाने डिकीत मासळीची पाटी नेली होती. बर्फाचे पाणी गालिच्यात मुरले होते. मिस्त्रीने जोड साफ करण्याचा फवारा मारला, बारीक ब्रशने कीट काढला, जोड कोरडा केला. एक पत्ती तर खाऊन गेली होती. ती नवी बसवली. पुन्हा जोडून हुकूम दिला. मीटर १२ च्या जवळ राहिले, आणि पंखा घरघर करत सुरू झाला.

अर्थिंगच्या वायरीतही असाच कीट चढतो. वीज जाण्याची वाट असते तशी परतण्याचीही वाट असते. पंख्याची परतीची वायर पत्र्याला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज असेल तर पंखा रडत फिरतो. मीटरवर त्या जोडाचा अडथळा एक ओहमपेक्षा कमी हवा. कधी कधी वायर आतून तुटलेली असते आणि गाडी हलली की जोडते, सुटते. अशा वेळी पंखा चालू ठेवून वायरीचा जुडगा हाताने हळूहळू हलवत जायचे. जिथे आवाज बदलेल तिथे खोट.

वाट चांगली, दाब पुरता, अर्थिंग ठीक, हुकूमही पोचतो, आणि तरी पंखा फिरत नाही, तर मात्र पंखा दोषी. जुन्या घाटाच्या पंख्यात कार्बन झिजतात. तसा दोन वायरींचा पंखा काढून त्याला थेट १२ व्होल्ट देऊन पाहता येते. तीन-चार वायरींच्या पंख्याला तसे करू नये. आतली पेटी जळते. काँप्यूटरच्या बारीक वायरींना दिव्याचा टेस्टर लावू नये. तिथे मीटरच हवे. आणि काँप्यूटर बिघडला, असे सगळ्यात शेवटी म्हणावे.

आता धोक्याचे बोलू. थोरल्या बॅटरीच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी दिसले की हात मागे घ्या. तरुणाने बोट पुढे केले तेव्हा मिस्त्री ओरडला तो उगाच नव्हे.

“गाडी बंद आहे ना काका?”

“गाडी बंद असली तरी बॅटरी भरलेलीच असते. तिला बंद करायचं बटण कोणाकडे नाही.”

बॅटरीवर एक तोडकळ असते. ती काढली की बॅटरीचा बाहेरच्या वायरींशी संबंध तुटतो. पण बॅटरीच्या आतली वीज कुठे जात नाही. रांग मधे तुटली तरी दोन्ही अर्ध्यांत दाब राहतोच. शिवाय गाडीतल्या दुसऱ्या एका पेटीत थोडा वेळ वीज साठून राहते. म्हणून कळ काढल्यावरही थांबावे लागते. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत १० मिनिटे थांबायला सांगितले आहे. काम करणाऱ्याच्या हातात १००० व्होल्टला टिकणारे रबरी हातमोजे हवेत, आणि घालण्याआधी ते फुगवून छिद्र नाही ना, हे पाहायला हवे. हे शिक्षण घेतलेल्या माणसाचेच काम आहे. काही गाड्यांत पंखाच बॅटरीच्या डब्याला असा चिकटून असतो की डबा हलवल्याशिवाय निघत नाही. तिथे साध्या मिस्त्रीने थांबावे. सीटखाली पिवळे कपलर दिसले तर तेही सोडावेत. ते हवेच्या पिशव्यांचे असतात.

हमीचा कागदही पाहून घ्यावा. टोयोटाने आपल्या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी दिली आहे. आपल्या गाडीला कोणत्या अटी लागू आहेत, ते त्या कागदावर छापलेले असते. हमी चालू असताना बाहेर डबा उघडला, तर ती हातची जाऊ शकते.

पुराचे वेगळे आहे. २०१८ च्या जुलैत वसई-विरारला पाण्याने वेढा घातला होता. मिठागरातली माणसे अडकली, लोकल थांबल्या, वीज बंद ठेवावी लागली. अशा पाण्यात हायब्रिड गाडी सीटपर्यंत बुडाली असेल, तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करून पाहू नये. गालिचा वाळवून दिवा लागतो का, हे बघत बसू नये. पंखा, कपलर आणि थोरली बॅटरी सगळ्यांतच पाणी शिरलेले असू शकते. गाडी ओढून न्यावी, आणि पाणी कुठपर्यंत चढले होते ते नेणाऱ्याला आधी सांगावे.

पारोळच्या तरुणाची गाडी निघाली तेव्हा मिस्त्रीने आकडा पुसला. मग दोघे शिरसाडपर्यंत जाऊन आले. मिस्त्री यंत्रावर बॅटरीची उष्णता पाहत होता. चढली, पंखा वाढला, उतरली. परत आल्यावर पुन्हा यंत्र वाचले. आकडा नव्हता.

“वहीत काय लिहू काका?”

“तारीख लिही. आकडा लिही, पी शून्य ए एक्याऐंशी. डिकीतला कपलर साफ केला, एक पत्ती बदलली, असं लिही. किती किलोमीटरला ते लिही. आणि मासळीची पाटी आता टेम्पोनं पाठव.”